विश्लेषण : घड्याळ थांबते, खिडकी उघडते... आयर्लंडमध्ये मृत्यूभोवती इतक्या समजुती का?

५० लाखांहून थोड्या अधिक लोकसंख्येच्या आयर्लंडमध्ये सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या संकेतस्थळांपैकी एक आहे ‘आरआयपी डॉट आयई’. त्यावर ना राजकारण, ना खेळ, ना चित्रपट. कोण वारले, पार्थिव कुठे ठेवले आहे, अंत्यविधी किती वाजता, एवढीच माहिती. २००५ मध्ये सुरू झालेले हे संकेतस्थळ २०२४ मध्ये ‘आयरिश टाइम्स’ समूहाने विकत घेतले. जानेवारी २०२५ पासून निधनवार्ता टाकण्यासाठी १०० युरो आकारले जाऊ लागले, तेव्हा त्याची देशभर चर्चा झाली. मृत्यूची खबर वेळेत मिळणे आणि अंत्यविधीला जाणे ही तिथे खासगी नव्हे, तर सार्वजनिक बाब मानली जाते. या सवयीमागे शेकडो वर्षांच्या लोकसमजुती आहेत. त्यांतील काही गमतीशीर वाटतात, काही भीतिदायक, तर काही क्रूरही. या समजुती नेमक्या काय आहेत, त्या कशासाठी होत्या आणि आज त्यांतील काय उरले आहे, याविषयी...

‘वेक’ म्हणजे काय?

मृत्यूनंतर पार्थिव घरातच ठेवायचे, नातेवाईक-शेजाऱ्यांनी रात्रभर जागून सोबत करायची आणि मगच दफनासाठी न्यायचे, या प्रथेला ‘वेक’ म्हणतात. शब्दाचा अर्थ सरळ आहे: जागरण. मात्र समाजमाध्यमांवर याविषयी एक वेगळीच कथा वर्षानुवर्षे फिरते. पूर्वी शिसेमिश्रित पेल्यातून दारू प्यायल्याने माणसे बेशुद्ध पडत, ती ‘उठतात का’ हे पाहण्यासाठी घरचे वाट पाहत बसत आणि म्हणून हे नाव पडले, असा तो दावा. १९९९ च्या सुमारास ईमेलवरून पसरलेल्या ‘सोळाव्या शतकातील जीवन’ अशा मजकुरातून तो जगभर गेला. त्याला आधार नाही. शब्दाचे मूळ जुन्या इंग्रजीतील ‘जागणे’ या क्रियापदात आहे.

वेकचे काही नियम जवळपास सर्वत्र सारखे होते. पार्थिव क्षणभरही एकटे सोडायचे नाही. त्याला न्हाऊमाखू घालण्याचे काम घरच्यांनी नव्हे, तर शेजारच्या अनुभवी स्त्रियांनी करायचे. पार्थिवाजवळ मेणबत्त्या लावायच्या. येणाऱ्या प्रत्येकाने आधी पार्थिवापाशी प्रार्थना म्हणायची, घरच्यांशी हस्तांदोलन करून दुःख व्यक्त करायचे आणि मग बसायचे. पाहुण्यांसाठी मातीचे पाइप, तंबाखू आणि तपकिरीची बशी ठेवलेली असे. तंबाखू न ओढणाऱ्यानेही एखादा झुरका घ्यावा आणि मृताच्या आत्म्यासाठी आशीर्वादाचे शब्द उच्चारावेत, असा संकेत होता.

घड्याळ का थांबवतात, आरसा का झाकतात?

प्राण गेला की घरातील घड्याळ त्या क्षणी थांबवायचे, आरसे कापडाने झाकायचे किंवा भिंतीकडे वळवायचे आणि खिडकी उघडायची, ही आयरिश घरांतील सर्वांत प्रसिद्ध त्रयी. खिडकी आत्म्याला बाहेर जाण्यासाठी. त्या काळात खिडकी आणि पार्थिव यांच्या मध्ये कोणी उभे राहायचे नाही, कारण वाट अडवली तर त्या व्यक्तीवर संकट येते, अशी समजूत. काही वेळाने खिडकी बंद करायची, म्हणजे बाहेर पडलेला आत्मा परत आत येणार नाही. आरशात आत्मा अडकू नये म्हणून तो झाकायचा. घड्याळ थांबवण्याचे कारण वेगवेगळे सांगितले जाते. मृतासाठी काळ थांबला, याची ती खूण असे काही जण मानत. मृत्यूची नेमकी वेळ सर्वांना कळावी, हा व्यवहारही त्यात होता.

पार्थिवाच्या छातीवर मिठाची बशी ठेवण्याची प्रथाही होती. मीठ कुजण्यापासून वाचवते, म्हणून ते वाईट शक्तींनाही दूर ठेवते, असे मानले जाई. पार्थिव नीट तयार होईपर्यंत मोठ्याने रडायचे नाही, हा आणखी एक नियम. आधीच रडले तर आत्म्याच्या वाटेवर दबा धरून बसलेली सैतानाची कुत्री जागी होतात, असे लोक सांगत. या नियमाचा परिणाम पाहण्याजोगा आहे. पहिल्या तासा-दोन तासांत, जेव्हा कामे सर्वाधिक असतात, तेव्हा घर कोसळून पडत नसे. कामे उरकली की रडायला मोकळीक. तीही थोडीथोडकी नव्हे.

लहान मुलांनाही वेकपासून दूर ठेवले जात नसे. मृताच्या कपाळाला किंवा हाताला स्पर्श केला की तो माणूस स्वप्नात येऊन घाबरवत नाही, असे त्यांना सांगत. त्यामुळे अनेकांची मृत्यूशी पहिली ओळख बालपणीच, आजी-आजोबांच्या पार्थिवाजवळ होत असे.

बॅनशी कोण?

२०२२ मध्ये आलेल्या मार्टिन मॅकडोना यांच्या ‘द बॅनशीज ऑफ इनिशेरिन’ या चित्रपटामुळे हा शब्द जगभर पोहोचला. आयरिश भाषेत ‘बॅन शी’ म्हणजे ‘शी’मधील, अर्थात प्राचीन टेकड्यांच्या पोटात असलेल्या अद्भुत लोकातील स्त्री. हॉलीवूडने तिला हिंस्र भूत बनवले असले तरी लोककथांतील बॅनशी कोणाचा जीव घेत नाही. ती फक्त आधी खबर देते. रात्री घराजवळ तिचा विलाप ऐकू आला की त्या कुटुंबातील कोणाचा तरी मृत्यू जवळ आला, असे समजत. ज्यांच्या आडनावाआधी ‘ओ’ किंवा ‘मॅक’ लागते, अशा जुन्या गेलिक घराण्यांसाठीच ती रडते, अशीही समजूत होती. म्हणजे बॅनशी असणे हे एका परीने कुलीनपणाचे प्रमाणपत्र. ती लांब केस विंचरते, त्यामुळे रस्त्यात पडलेला कंगवा कधीही उचलू नये, असे मुलांना बजावले जाई.

या समजुतींचा सविस्तर अभ्यास लोकसाहित्याच्या अभ्यासक पॅट्रिशिया लायसाट यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द बॅनशी’ या ग्रंथात केला. रात्री ऐकू येणाऱ्या या आवाजाचे एक साधे स्पष्टीकरणही दिले जाते, ते म्हणजे गव्हाणी घुबड. या घुबडाची कर्कश किंकाळी अंगावर काटा आणणारी असते आणि आयरिश भाषेत त्याचे एक नावच ‘दफनभूमीतील किंचाळणारा पक्षी’ अशा अर्थाचे आहे.

बॅनशीखेरीज इतर अपशकुनही होते. दारावर तीन टकटक ऐकू येणे आणि बाहेर कोणीच नसणे, पक्षी घरात शिरणे, एकटाच मॅगपाय दिसणे. ‘कोश्टा बाउर’ नावाची मृत्यूची घोडागाडी रात्री रस्त्यावरून जाते आणि एकदा निघाली की रिकामी परतत नाही, अशीही कथा सांगितली जाई. काही कथांत ही गाडी हाकणाऱ्याला डोकेच नसते.

पैसे घेऊन रडणाऱ्या स्त्रिया?

होय. राजस्थानातील रुदालींची आठवण व्हावी, अशी ‘कीनिंग’ची प्रथा आयर्लंडमध्ये होती. हा शब्द आयरिश भाषेतील विलाप या अर्थाच्या शब्दावरून आला. गावातील निष्णात स्त्रिया पार्थिवाजवळ बसून, शरीर मागे-पुढे झुलवत, सुरात विलाप करीत. त्यात मृताची वंशावळ, त्याचे गुण, घरच्यांचे दुःख आणि कधीकधी थेट आरोपही असत. मोबदला म्हणून पैसे, अन्न किंवा मद्य दिले जाई.

हे केवळ रडणे नव्हते. १७७३ मध्ये कॉर्क परगण्यात आर्ट ओ लियरी या २६ वर्षांच्या कॅथलिक तरुणाला गोळ्या घालून ठार मारण्यात आले. त्या वेळच्या कायद्यानुसार कॅथलिकाला पाच पौंडांहून अधिक किमतीचा घोडा बाळगता येत नसे. आर्टने आपला उमदा घोडा विकण्यास नकार दिला आणि त्यातून वैर वाढले, असे सांगितले जाते. त्याची पत्नी आयलीन दुव नी खोनिल हिने केलेला विलाप मौखिक परंपरेने टिकला. पुढे तो कागदावर उतरवला गेला आणि आज तो आयरिश भाषेतील श्रेष्ठ काव्यांत गणला जातो. न्यायालयात आवाज नसलेल्या एका विधवेला पार्थिवाजवळ मात्र बोलण्याचा पूर्ण अधिकार होता.

कॅथलिक चर्चला ही प्रथा खुपत होती. मृतांसाठी प्रार्थना करावी, आक्रोश नव्हे, अशी त्याची भूमिका. सतराव्या शतकापासून धर्मसभांनी भाडोत्री विलाप आणि वेकमधील धांगडधिंगा यांविरोधात वारंवार फतवे काढले. वारंवार काढावे लागले, यातच ते किती पाळले गेले हे दिसते. कीनिंग प्रत्यक्षात ओसरले ते विसाव्या शतकात.

मृताच्या घरात खेळ आणि हशा कसा?

परदेशी प्रवाशांना सर्वाधिक धक्का बसे तो याचा. वृद्ध व्यक्ती आयुष्य पूर्ण करून गेली असेल तर त्या घरी रात्रभर गोष्टी, कोडी, ताकदीचे खेळ, लुटुपुटीची लग्ने, एकमेकांच्या खोड्या असा कार्यक्रम चाले. तरुण मुलामुलीचा किंवा अपघाती मृत्यू असेल तर मात्र असे काही होत नसे. म्हणजे हसायचे कधी आणि गप्प बसायचे कधी, याचेही अलिखित नियम होते.

लोकसाहित्याचे अभ्यासक शॉन ओ सुलिव्हान यांनी या खेळांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. त्याची इंग्रजी आवृत्ती १९६७ मध्ये आली. मृत व्यक्ती अजूनही आपल्यातलीच आहे, तिला एकटे टाकलेले नाही, हे तिला दाखवून शांत करणे हा या गजबजाटाचा मूळ हेतू असावा, अशी त्यांची मांडणी होती. प्रेमाइतकीच त्यात भीतीही होती. नाराज मृत परत येतो, ही धास्ती.

दफनभूमीपर्यंतचे नियम कोणते?

शवपेटी बाहेर काढताना पाय पुढे. ज्या खुर्च्यांवर ती ठेवलेली असे, त्या लगेच उलट्या करायच्या. अंत्ययात्रा जवळच्या नव्हे, तर लांबच्या वाटेने न्यायची. वाटेत अंत्ययात्रा भेटली तर पाठ फिरवून पुढे जायचे नाही, तिच्यासोबत किमान काही पावले चालायचे. आयरिश भाषेत त्यांना ‘दयेची तीन पावले’ म्हणतात.

सोमवारी नवे थडगे खोदायचे नाही, हा नैर्ऋत्य आयर्लंडमध्ये विशेष पाळला जाणारा नियम. सोमवारी दफन अटळच असेल तर रविवारी जाऊन मातीचे पहिले ढेकूळ उचलून ठेवायचे, म्हणजे सोमवारी खोदल्याचा दोष लागत नाही. नियम कडक आणि पळवाट तयार, हे लोकसमजुतींचे जगभरचे वैशिष्ट्य इथेही दिसते. खोदून झाले की फावडी थडग्यावर एकमेकांवर आडवी ठेवायची.

सर्वांत विलक्षण समजूत दफनभूमीच्या पहाऱ्याची. शेवटी पुरलेल्या व्यक्तीच्या आत्म्याला पुढचे दफन होईपर्यंत तिथे राखण करावी लागते, असे मानत. त्यामुळे एकाच दिवशी दोन अंत्ययात्रा निघाल्या की आपल्या माणसावर पहारा येऊ नये म्हणून फाटकापर्यंत अक्षरशः शर्यत लागे. प्रसंगी हाणामारीही होई.

हे सारे आज कसे माहीत?

याचे मोठे श्रेय शाळकरी मुलांना जाते. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या आयरिश लोकसाहित्य आयोगाने १९३७ ते १९३९ या काळात शिक्षण खाते आणि शिक्षक संघटनेच्या मदतीने एक अनोखा प्रकल्प राबवला. सुमारे ५ हजार प्राथमिक शाळांतील जवळपास ५० हजार मुलांना वह्या देण्यात आल्या. घरातील आणि शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून गोष्टी, औषधे, समजुती लिहून आणायच्या, हा गृहपाठ. त्यातून सुमारे ७ लाख ४० हजार पाने जमा झाली. आज हा संग्रह युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनमध्ये आहे आणि ‘दूखस’ या संकेतस्थळावर स्कॅन स्वरूपात कोणालाही पाहता येतो. हस्ताक्षरातील मजकूर संगणकीय मजकुरात उतरवण्याचे काम स्वयंसेवकांनी केले. आयोगाच्या संग्रहाची २०१७ मध्ये युनेस्कोच्या ‘मेमरी ऑफ द वर्ल्ड’ नोंदवहीत नोंद झाली.

महादुष्काळाने काय बदलले?

१८४५ ते १८५२ या काळात बटाट्यावरील रोगामुळे पडलेल्या दुष्काळात सुमारे १० लाख लोक मेले आणि किमान तितकेच देश सोडून गेले. वेक, कीनिंग, चार खांदे, स्वतंत्र थडगे हे सारे माणसे जिवंत असतील तर शक्य. कॉर्कमधील स्किबरीनसारख्या भागांत तळ उघडणाऱ्या शवपेट्या वापराव्या लागल्या. मृतदेह सामूहिक खड्ड्यात सोडायचा आणि तीच पेटी पुढच्यासाठी न्यायची. मृत्यूच्या विधींना इतके महत्त्व देणाऱ्या समाजासाठी हा भुकेइतकाच खोल घाव होता.

याच स्थलांतरातून ‘अमेरिकन वेक’ रूढ झाला. अमेरिकेला निघालेल्या मुलासाठी किंवा मुलीसाठी आदल्या रात्री घरी जागरण होई. गाणी, नाच आणि पहाटे विलाप. माणूस जिवंत, पण परत दिसण्याची शक्यता जवळपास शून्य. म्हणून विधी मृत्यूचाच.

नियमाबाहेर राहिलेल्यांचे काय?

या परंपरेची ही काळी बाजू. बाप्तिस्मा होण्याआधी दगावलेल्या बाळांना पवित्र दफनभूमीत जागा नव्हती. अशी बाळे स्वर्गात जात नाहीत, ‘लिम्बो’ नावाच्या मधल्या अवस्थेत राहतात, अशी शिकवण होती. त्यामुळे वडील किंवा एखादा नातेवाईक रात्री एकटाच जाऊन बाळाला ‘किलीन’ नावाच्या जागी पुरत असे. शेताच्या हद्दी, जुने गोल कोट, समुद्रकिनारा, पडकी चर्चे अशा या जागा. ना वेक, ना अंत्ययात्रा, ना नावाचा दगड. ज्या गावात परक्याच्या अंत्ययात्रेसोबतही तीन पावले चालायची रीत होती, तिथे या बाळांसोबत कोणी चालत नसे. आईला तर अनेकदा जागाही सांगितली जात नसे. २००७ मध्ये व्हॅटिकनच्या धर्मशास्त्र आयोगाने अशा बाळांच्या मुक्तीची आशा बाळगण्यास आधार असल्याचे म्हटले. त्यानंतर नव्हे, त्याआधीपासूनच अनेक गावांनी आपापल्या किलीनवर स्मारके उभारण्यास सुरुवात केली होती.

गॉलवे परगण्यातील ट्यूम येथील प्रकरण याच जखमेचा भाग आहे. तेथे १९२५ ते १९६१ या काळात अविवाहित माता आणि त्यांच्या मुलांसाठी संस्था चालवली जात होती. स्थानिक इतिहास अभ्यासक कॅथरीन कॉरलेस यांनी तेथे दगावलेल्या ७९६ मुलांच्या मृत्युनोंदी शोधल्या, पण त्यांच्या दफनाच्या नोंदी मिळाल्या नाहीत. २०१४ मध्ये हे जगासमोर आले. २०१७ मध्ये चौकशी आयोगाने जमिनीखालील कप्प्यांमध्ये मोठ्या प्रमाणात मानवी अवशेष सापडल्याचे जाहीर केले. जुलै २०२५ मध्ये तेथे पूर्ण उत्खनन सुरू झाले. अवशेषांची शक्य तितकी ओळख पटवून सन्मानाने दफन करणे, हा त्याचा उद्देश. सनई-चौघड्याचे सोडाच, साधी मेणबत्तीही न मिळालेल्या मुलांना उशिरा का होईना अंत्यविधी मिळावा, ही नातेवाइकांची मागणी आहे.

करोनाकाळात काय झाले?

मार्च २०२० मध्ये आयर्लंडमध्ये अंत्यविधीला दहा जणांची मर्यादा घालण्यात आली. घरी जागरण नाही, हस्तांदोलन नाही, शेजाऱ्यांचा चहा-सँडविच नाही. तेव्हा गावोगावी लोकांनी स्वतःच मार्ग काढला. शववाहिका जाण्याच्या वेळी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अंतर राखून उभे राहायचे, घरच्यांना मान लववून निरोप द्यायचा. आदेश पाळला गेला आणि मृत माणूस एकटाही गेला नाही. ‘दयेची तीन पावले’ चालता येत नव्हती, म्हणून लोक उभे राहिले.

याच काळात निधनवार्तांना आणखी एक उपयोग सापडला. आयर्लंडमध्ये तेव्हा मृत्यूची अधिकृत नोंदणी करण्यास तीन महिन्यांपर्यंत मुदत होती. त्यामुळे साथीत किती जादा मृत्यू झाले, हे सरकारी आकड्यांतून लवकर कळत नव्हते. अंत्यविधीची बातमी मात्र एक-दोन दिवसांत संकेतस्थळावर येत होती. देशाच्या मध्यवर्ती सांख्यिकी कार्यालयाने हीच माहिती वापरून मृत्यूंचे अंदाज प्रसिद्ध केले. शेजाऱ्याला वेळेत कळावे म्हणून जपलेली सवय अशी सांख्यिकीच्या कामी आली.

आज काय उरले आहे?

बॅनशी आता बहुतांशी चित्रपटांत आणि पर्यटकांच्या दुकानांत उरली आहे. पार्थिव घरी ठेवण्याऐवजी अंत्यविधी सेवा देणाऱ्यांच्या दालनात ठेवणे शहरांत रुळले आहे. डब्लिनमधील ग्लासनेव्हिन येथे १९८२ मध्ये आयर्लंड प्रजासत्ताकातील पहिली दाहवाहिनी सुरू झाली आणि दहनाचे प्रमाण वाढत गेले. सोमवारी थडगे खोदू नये, हा नियम दहनाला कसा लावायचा, असा प्रश्न आता कोणी विचारत नाही.

तरीही ग्रामीण भागात घरचा वेक टिकून आहे. बहुतेक अंत्यविधी मृत्यूनंतर दोन-तीन दिवसांत होतात. शेजारच्या इंग्लंडमध्ये त्यासाठी आठवडे जाऊ शकतात. महिन्याने ‘मंथ्स माइंड’ ही स्मरणप्रार्थना होते. नोव्हेंबर हा मृतांचा महिना मानला जातो. २ नोव्हेंबरच्या ‘ऑल सोल्स’ रात्री दाराची कडी न लावता, चुलीत विस्तव ठेवून, भोवती खुर्च्या मांडून झोपायची जुनी रीत होती. घरचे मृत त्या रात्री येऊन शेकत बसतात, अशी श्रद्धा. स्थानिक रेडिओ केंद्रांवर आजही निधनवार्ता वाचल्या जातात.

या समजुतींकडे केवळ अंधश्रद्धा म्हणून पाहिले तर त्यांतील अर्धीच गोष्ट दिसते. आत्मा खिडकीतून जातो की नाही, हे कोणी सिद्ध केलेले नाही. पण खिडकी उघडायला, घड्याळ थांबवायला, पार्थिवाजवळ बसायला, थडगे खोदायला प्रत्येक वेळी कोणीतरी शेजारी धावून येत होता, हे ५० हजार मुलांच्या वह्यांत नोंदलेले आहे. या नियमांनी दुःखाला वेळापत्रक दिले आणि प्रत्येकाला एक काम दिले. ज्यांना त्या नियमांतून वगळले गेले, त्यांचा शोध ट्यूमच्या मातीत अजून सुरू आहे.